फोरे वाजवताना धून हरवते तेव्हा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "वय 31, नोकरी सांभाळून पियानो वाजवतो. आठवी ग्रेड होऊन सहा वर्षं झाली. शोपँचे तीन-चार नॉक्टर्न (रात्रीच्या भावाच्या पियानो-रचना) बरे वाजतात. गेल्या दिवाळीत फ्रेंच संगीतकार गाब्रिएल फोरेचा सहावा नॉक्टर्न घेतला. नोट्स सगळ्या बरोबर पडतात, पण ऐकताना सगळं धुरकट वाटतं. धून हाताला लागत नाही आणि दोन पानांपलीकडे पाठ होत नाही. बाई म्हणतात, भाव कमी पडतोय. भाव घालायला गेलो की आणखी बिघडतं. फोरेचं आयुष्य वाचून काही उपयोग होईल का, की हे माझ्या कुवतीबाहेरचं आहे?"

कुवतीचं आधी बाजूला ठेवू. ज्याला तो नॉक्टर्न धुरकट ऐकू येतोय, त्याचे कान जागेवर आहेत. मी पंचवीस वर्षं पियानो शिकवते आणि त्यातली बरीच वर्षं फोरेच्या रचना माझ्या रोजच्या रियाजात आहेत. तुमचं गाऱ्हाणं मी माझ्या विद्यार्थ्यांकडून जवळजवळ याच शब्दांत ऐकलं आहे. मीही एके काळी तेच म्हणत होते.

माझ्या मते भाव कमी पडतोय ही तुमची अडचण नाही. तुम्ही फोरेला शोपँसारखं वाचताय. शोपँच्या नॉक्टर्नमध्ये बहुतेक वेळा उजवा हात गातो आणि डावा साथ करतो. त्यामुळे वरची ओळ गाऊ लागली की निम्मं काम झालेलं असतं. फोरेने नॉक्टर्न, बार्कारोल, इम्प्रॉम्प्टू ही नावं शोपँकडूनच घेतली, तेरा नॉक्टर्न आणि तेरा बार्कारोल लिहिले, म्हणून आपण त्याच सवयी घेऊन बसतो. पण त्याच्या संगीताचा पाया बासमध्ये, म्हणजे सगळ्यात खालच्या स्वरांच्या ओळीत आहे, धून कुठल्याही थरात जाऊन बसते आणि मधले स्वर नुसती भरती नसतात. वरच्या ओळीकडेच लक्ष ठेवलं आणि भावासाठी जागोजागी थांबत गेलं की हे तिन्ही थर एकमेकांत कालवले जातात. तेच तुम्हाला धुरकट वाटतंय.

आता काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या मला इथून दिसत नाहीत. तुमच्याकडे अकूस्टिक पियानो आहे की डिजिटल? डिजिटल असेल तर त्याचं पेडल नुसतं चालू-बंद होतं, की अर्धं दाबलेलं त्याला कळतं? स्वस्तातल्या पेडलवर फोरे वाजवणं फार कठीण, कारण तिथे अर्धवट उचलायची सोयच नसते. पियानो मुंबईत किंवा कोकणपट्टीत असेल तर पावसाळ्यात लाकूड आणि फेल्ट दमट होऊन कळा जड पडतात. जुलैत जे वाजत नाही ते डिसेंबरात आपोआप वाजू लागतं, हे मी दरवर्षी बघते. तुमच्या पंजाचा पसाराही मला माहीत नाही. लहान हातांना फोरे वाजवता येतो, पण बोटं वेगळी बसवावी लागतात. पुढचं सगळं या तीन गोष्टी लक्षात ठेवून वाचा.

आयुष्य वाचण्याबद्दल विचारलंत. उपयोग होईल, पण त्या आयुष्याचा कोणता भाग वाचता त्यावर. 1877 साली मारियान व्हियार्दोशी ठरलेलं लग्न काही महिन्यांत मोडलं, 1883 मध्ये शिल्पकार फ्रेमिए यांच्या मुलीशी लग्न झालं, पुढे इतर नातीही आली. हे वाचायला रंजक आहे, पण त्याने तुमचा डावा हात सुधारणार नाही. तुमच्या कामाचं आहे ते त्याचं लहानपण आणि त्याची नोकरी.

फोरे 12 मे 1845 रोजी दक्षिण फ्रान्समधल्या पामिए गावी जन्मला, सहा भावंडांत सगळ्यात धाकटा. वडील शिक्षक होते. 1849 मध्ये ते फ्वा गावाजवळच्या शिक्षक-प्रशिक्षण शाळेचे प्रमुख झाले. शाळेला लागून एक छोटं चॅपल होतं आणि तिथे एक हार्मोनियम होतं. संधी मिळेल तेव्हा हा मुलगा पळत जाऊन त्यावर बसायचा. एक अंध वृद्ध बाई तिथे ऐकायला येत, त्याला चार गोष्टी सांगत. मुलाला देणगी आहे, हे वडिलांच्या कानावर घातलं ते त्यांनीच. इथे आपल्या वाचकांसाठी एक गोष्ट सांगायलाच हवी. हार्मोनियम या नावाने त्या वाद्याचं पेटंट 1842 मध्ये पॅरिसच्या अलेक्सांद्र दबँ यांनी घेतलं होतं आणि आपल्या भजनात, नाट्यसंगीतात वाजणारी पेटी त्याच कुळातली. फोरेचा पहिला सूर पियानोचा नव्हता, पेटीच्या थोरल्या भावंडाचा होता. घरात कोणी पेटी वाजवत असेल तर त्यांचा हात नीट बघा. पुढची कळ बोलल्याशिवाय मागचं बोट उठत नाही. त्याचं कारण सरळ आहे: सूर धरून ठेवायला पेडल नाही, बोट उचललं की सूर गेला.

नऊ वर्षांचा असताना, 1854 मध्ये, त्याला पॅरिसला निडरमायर शाळेत पाठवलं. ही चर्चसाठी ऑर्गनवादक आणि गायनप्रमुख घडवणारी शाळा होती. तिथे तो अकरा वर्षं राहिला. 1861 मध्ये शाळेचे संस्थापक निडरमायर वारले आणि पियानो शिकवायला कामीय सँ-साँस आला, फोरेपेक्षा जेमतेम दहा वर्षांनी मोठा. त्याने मुलांना शूमान, लिस्ट, वाग्नर दाखवले. तोवर शाळेत मुख्य भर जुन्या चर्चसंगीतावर होता. पुढे जवळजवळ चाळीस वर्षं फोरेने पोटापाण्यासाठी ऑर्गन वाजवला. 1866 पासून रेनमध्ये, नंतर पॅरिसच्या वेगवेगळ्या चर्चमध्ये, 1877 पासून मादलेन चर्चमध्ये गायनप्रमुख म्हणून आणि 1896 पासून तिथेच मुख्य ऑर्गनवादक म्हणून. रचना करायला मोकळा वेळ मिळे तो बहुतेक उन्हाळ्याच्या सुटीत.

या शाळेतून आलेल्या दोन गोष्टी तुमच्या नॉक्टर्नमध्ये थेट दिसतात.

पहिली म्हणजे बोटांनी साधलेला लेगाटो, म्हणजे सूर न तुटता जोडून वाजवणं. ऑर्गनवादक एक कळ एका बोटाने दाबतो आणि ती तशीच धरून, आवाज न करता, तिच्यावर दुसरं बोट आणतो, म्हणजे पहिलं बोट पुढच्या कळेसाठी मोकळं होतं. याला आपण साधं बोट बदलणं म्हणू. फोरेच्या पानावर लांब धरलेले स्वर आणि त्यांच्याखाली फिरणारे स्वर एकाच हातात असतात, ते या सवयीतून आलेले आहेत. आपण काय करतो? हात पोचत नाही म्हणून पेडल दाबून ठेवतो. पेडल धून धरतं, तसंच मधला सगळा कचराही धरतं.

तेव्हा एक करा. पहिली आठ मापं (तालाचे बार) निम्म्या वेगात, पेडलवरून पाय पूर्ण काढून वाजवा. जिथे धून तुटेल तिथे पेन्सिलने गोल करा. माझ्या पहिल्या प्रयत्नात आठ मापांत अकरा गोल झाले होते. मग प्रत्येक गोलाजवळ बसा आणि कुठलं बोट बदललं तर सूर न तुटता पुढे जाता येईल ते शोधा. हा रियाज कंटाळवाणा आहे. पंधरा मिनिटांत मनगट थकतं, तेव्हा थांबा. दोन आठवड्यांत निम्मे गोल जातील. उरलेले खरंच पसाऱ्याबाहेरचे असतात, तिथे पेडल घ्या. असं केलं की पेडल कुठे आणि कशासाठी दाबताय हे तुम्हाला माहीत असतं.

दुसरी गोष्ट म्हणजे मोड, आपल्या थाटांसारख्या जुन्या स्वरपंक्ती. निडरमायर शाळेत मुलांना ग्रेगोरियन गायनाला, म्हणजे चर्चमधल्या जुन्या प्रार्थनागायनाला, साथ करायला शिकवत, आणि ती साथ त्या त्या मोडमधल्या स्वरांच्याच कॉर्डनी (एकत्र वाजणाऱ्या स्वरगुच्छांनी) करायची असा आग्रह होता. मेजर आणि मायनर या दोनच चौकटींत न बसणारे स्वर फोरेच्या कानाला असे लहानपणीच सवयीचे झाले. त्याचं 'लिदिया' नावाचं गाणं आहे. एफ मेजरमध्ये सुरू होतं, पण जिथे बी फ्लॅट यायला हवा तिथे पहिल्याच ओळीत शुद्ध बी येतो. मराठी कानाला हे लगेच कळेल, कारण एफला सा धरलं तर तो तीव्र मध्यम आहे. कल्याण थाटाची स्वरपंक्ती, पाश्चात्त्य भाषेत लिडियन मोड, आणि गाण्याचं नाव लिदिया. यावरून फोरेत यमन आहे असं मी म्हणणार नाही. राग ही फार वेगळी गोष्ट आहे. पण तीव्र मध्यम लागला की पंचमाकडे एक ओढ तयार होते, हे ज्याने अनुभवलं आहे, त्याने फोरेची अनपेक्षित शार्प कळ दचकून जोरात दाबू नये. ती त्याच्या घरातलीच आहे. तिच्यावर जोर देऊन "बघा, वेगळा स्वर आला" असं दाखवलं की ओळ मोडते.

आता धून कुठे असते ते बघू. यासाठी सहावा नॉक्टर्न बाजूला ठेवून पहिला बार्कारोल घ्या, ए मायनरमधला. बार्कारोल म्हणजे व्हेनिसच्या नावाड्यांच्या गाण्याच्या चालीवरची रचना, सहा-आठच्या डुलत्या लयीत. पहिली धून साधी आहे, लगेच हातात बसते. पुढे दुसरी धून येते तेव्हा चित्र बदलतं. ती पियानोच्या मधल्या पट्ट्यात आहे आणि तिच्या वरही तुटक कॉर्डची लहर, खालीही. म्हणजे तुमच्या करंगळ्या साथ करताहेत आणि गायचं काम मध्यावरच्या बोटांकडे, बरंचसं अंगठ्यांकडे आहे. फोरे दोन्ही हातांनी सारख्याच सहजतेने काम करणारा होता, असं त्याच्याबद्दल लिहिलेलं आहे, आणि अशी पानं वाजवताना त्यावर विश्वास बसतो. धून एका हातातून दुसऱ्या हातात जाते आणि ऐकणाऱ्याला सांधा कळता कामा नये.

अंगठा हे आपलं सगळ्यात जड बोट. त्याला वर्षानुवर्षं आपण हळू पड, हळू पड म्हणून शिकवलेलं असतं. त्याच्याकडून गाऊन घ्यायचं म्हणजे तो आपटतो तरी किंवा गप्प तरी बसतो. मी मुलांना अंगठा आडवा न पाडता नखाच्या कडेवर, टोकाशी, टेकवायला सांगते, आणि कळ दाबण्याआधी तिला स्पर्श करून थांबायला सांगते. पहिले काही दिवस फक्त अंगठ्यांचे स्वर वाजवायचे, एकदा उजवा, एकदा डावा, आणि बरोबर तोंडाने गायचं. मग वरची लहर अगदी पुसट घालायची. माझ्या बाईंनी मला हे शिकवताना माझ्या दोन्ही करंगळ्यांवर स्वतःची बोटं हलकेच टेकवून ठेवली होती, म्हणजे त्या जोर करू लागल्या की मला कळावं. तो स्पर्श मला अजून आठवतो. पंधरा मिनिटांत जे कळलं ते आधीच्या दोन महिन्यांत कळलं नव्हतं.

त्या काळचा नामांकित पियानोवादक लिस्ट याची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. फोरेने त्याला आपला बालाद दाखवला, ओपस (रचनाक्रमांक) 19. लिस्ट तो पाहून वाजवू लागला, काही पानांनंतर थांबला आणि पुढचं फोरेलाच वाजवायला सांगितलं. लिस्टलाही ते कठीण वाटलं होतं. कुवतीबद्दल काळजी करताना ही गोष्ट लक्षात ठेवा. वेगाच्या आणि झेपांच्या कसरती लिस्टने आयुष्यभर केल्या होत्या. त्या पानांवर त्याला अडवणारी गोष्ट वेगळी होती.

आता तुमच्या बाई म्हणतात त्या भावाकडे येते. फोरे स्वतः लय अगदी काटेकोर ठेवून वाजवायचा. त्याच्याबरोबर काम केलेल्या गायिका क्लेअर क्रोइझा यांनी त्याला मूर्तिमंत मेट्रोनोम, म्हणजे लयीचे ठोके देणारं यंत्र, म्हटलं होतं. त्याने काही रचना पियानो-रोलवर (वादन टिपून ठेवणाऱ्या छिद्रांच्या कागदी गुंडाळीवर) वाजवून ठेवल्या आहेत, त्यात त्याचा 'पाव्हान'ही आहे. रोलचा वेग यंत्रावर अवलंबून असतो, म्हणून तो किती जलद वाजवत होता हे त्यावरून ठामपणे सांगणार नाही. पण ओळीच्या शेवटी सुस्तावणं तिथे नाही, हे ऐकू येतं.

याचं कारण संगीतातच आहे. फोरेची हार्मनी, म्हणजे कॉर्डची मालिका, सतत सरकत असते. एक कॉर्ड आली, ती आता घरी जाणार असं वाटतं, आणि एकच स्वर अर्ध्याने हलून ती दुसऱ्याच सुरावटीत शिरते. हे वळण ऐकणाऱ्याला पुढे नेतं. तुम्ही प्रत्येक सुंदर कॉर्डपाशी थांबून तिचं कौतुक करू लागलात, की ऐकणाऱ्याला वळणं दिसतात, रस्ता दिसत नाही. "भाव घातला की बिघडतं" असं तुम्ही लिहिलंत, ते अगदी खरं निरीक्षण आहे. तुमच्या बाई चुकीचं सांगत नाहीत, वाजवण्यात जीव नाही हे त्यांना जाणवतंय. फक्त तो जीव लय ओढून येणार नाही. तो आवाजाच्या चढउतारातून, थरांमधल्या अंतरातून येईल. फोरेचा चढाव लांब असतो, शिखर उशिरा येतं आणि तिथून तो फार पटकन खाली उतरतो. आपण चढताना वेग वाढवतो आणि उतरताना लय सोडतो. या दोन्ही गोष्टी टाळून तोच चढाव करून बघा. मेट्रोनोम लावा आणि प्रत्येक ठोक्याला न लावता मापाला एकदा लावा. मापाच्या आत तुम्ही मोकळे राहाल, बाहेर मात्र जाता येणार नाही.

बासचं मात्र मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे, कारण तिथेच तुमचं धुरकटपण आणि पाठ न होणं दोन्ही सुटतं. मी कोणालाही फोरेचं नवं पान देते तेव्हा पहिला आठवडा उजवा हात मांडीवर असतो. फक्त सगळ्यात खालचा स्वर वाजवायचा, प्रत्येक मापाचा किंवा प्रत्येक बदलाचा, आणि तो गायचा. सुरुवातीला मुलांना हे बाळबोध वाटतं. चौथ्या दिवशी ती म्हणतात, अरे, ही तर एक धून आहे. खरंच असते. फोरेचा बास पायऱ्यांनी चालतो, मधेच उडी घेतो, पुन्हा पायऱ्यांनी येतो, आणि वरची ओळ त्याच्याशी बोलत असते. ऑर्गनवर ही ओळ पायांनी वाजते. ज्या माणसाने चाळीस वर्षं पायांनी बास वाजवला त्याच्या कानात तो स्वतंत्र गायकासारखा असणार.

बास नीट बसला की दुसऱ्या आठवड्यात बास आणि धून एवढंच, मधलं सगळं गाळून. या दोन ओळी एकमेकींना पुरत असल्या पाहिजेत. तिसऱ्या आठवड्यात मधला थर एकटा, अगदी हळू आवाजात, त्यातही कुठे एखादा स्वर गाण्यासारखा वर येतोय का ते ऐकत. मग सगळं एकत्र. आवाजाचा क्रम साधारण असा ठेवा: धून सगळ्यात पुढे, बास तिच्या किंचित मागे पण भरीव, मधलं त्याहून बरंच मागे. बहुतेक हौशी वादकांचं मधलं आणि बास उलटे झालेले असतात. मधले स्वर संख्येने जास्त, म्हणून ते आपोआप मोठे होतात.

पाठ न होण्याचं कारणही इथेच आहे. फोरे तीच ओळ पुन्हा आणतो, पण दुसऱ्या वेळी एक कॉर्ड बदललेली असते आणि तिथून रस्ता दुसऱ्या गावाला जातो. बोटांच्या सवयीवर पाठ केलेलं असेल तर हात पहिल्याच रस्त्याने जातो आणि अडकतो. मी पाठ करताना पान बंद करून बासची ओळ कागदावर लिहून काढते, नुसती स्वरांची नावं. दोन सारख्या ओळींत बास कुठे फुटतो ते लाल पेन्सिलने. सहाव्या नॉक्टर्नमध्ये शेवटी पहिली धून परत येते, तिथपर्यंत पोचेस्तोवर बरंच काही घडून गेलेलं असतं. तिथे बास माहीत नसेल तर हात हमखास घसरतो. तुम्ही दोन पानांवर अडलात याचं मला आश्चर्य वाटत नाही.

इथवर तीन कामं झाली: पेडलशिवाय बोटांचा लेगाटो, लय न ओढता आवाजाने चढउतार, आणि सगळ्याच्या आधी एकटा बास. यातलं एकच करायला वेळ असेल तर बास करा.

सहावा नॉक्टर्न चालू ठेवायचा की नाही? हा 1894 चा, त्याच्या परिपक्व काळातला आणि तेरांमधल्या मोठ्या नॉक्टर्नपैकी एक. फोरेची ओळख याच्यापासून करून घेणं म्हणजे पहिल्याच दिवशी विलंबित ख्याल मांडायला बसण्यासारखं आहे. मी असते तर तो दोन-तीन महिने बंद ठेवला असता आणि मधे छोट्या गोष्टी घेतल्या असत्या. ओपस 17 मधला तिसरा 'शब्दाविना रोमान्स' घ्या, ए फ्लॅट मेजरमधला. विद्यार्थिदशेतली रचना आहे, धून उघडी आहे. मग ओपस 84 च्या छोट्या तुकड्यांतला पाचवा. त्यातले काही तुकडे पॅरिस कॉन्झर्व्हेटॉर या संगीत विद्यालयाच्या पाहून वाजवण्याच्या परीक्षेसाठी लिहिलेले होते, म्हणून आटोपशीर आहेत, आणि त्या दीड-दोन पानांत अख्खा फोरे आहे. त्यानंतर चौथा बार्कारोल. मग सहाव्या नॉक्टर्नकडे परत.

आणि वाजवायला जोडीदार मिळत असेल तर 'डॉली' हा चार हातांचा संच घ्याच. गायिका एमा बारदाक यांची लहान मुलगी एलेन, लाडाने डॉली, तिच्यासाठी 1893 ते 1896 मध्ये फोरेने एकेक तुकडा लिहिला किंवा जुना सुधारून दिला. पहिल्या अंगाईत वरचा भाग इतका सोपा आहे की तुमच्या घरातलं दुसरी-तिसरी ग्रेडचं मूल वाजवेल. तुम्ही खालचा भाग घ्या. बास आणि मधला थर दोन्ही तुमच्याकडे, धून दुसऱ्या कोणाकडे. कोणी तरी गातंय आणि आपण त्याला जमीन देतोय, हे फोरे शिकण्यासाठी यापेक्षा चांगलं ठिकाण मला सापडलेलं नाही. याच संचात 'मिआऊ' नावाचा तुकडा आहे, तो मांजरीचा नाही. डॉलीला भावाचं राऊल हे नाव नीट म्हणता येत नसे, ते तिचे बोबडे बोल आहेत. 'किटी वॉल्ट्झ' तर घरातल्या कुत्र्याचा. फोरेला वर्णनात्मक नावांचं प्रेम नव्हतंच, ओपस 84 च्या तुकड्यांची नावंही प्रकाशकाने घातलेली. नावावरून चित्र डोळ्यांसमोर आणून त्याच्या मागे धावू नका.

प्रतीबद्दल एक सूचना. इंटरनेटवर फुकट मिळतात त्या बहुतेक जुन्या फ्रेंच आवृत्त्या आहेत आणि त्यांत छपाईच्या चुका बऱ्याच राहिल्या आहेत. फोरेच्या हार्मनीत चुकलेला शार्प आणि लिहिलेला शार्प यातला फरक नवख्याला कळत नाही, दोन्ही सारखेच विचित्र वाटतात. रॉय हॉवट यांनी संपादित केलेल्या पेटर्सच्या आवृत्त्या महाग आहेत, पण ज्या रचनेवर वर्ष घालवणार तिच्यासाठी घ्याव्यात. ऐकायला जेर्मेन तिसाँ-व्हालांतँ यांची 1950 च्या दशकातली ध्वनिमुद्रणं आणि कॅथरिन स्टॉट यांची पुढची. दोन्ही ऐकताना एकदा ठरवून फक्त बासच्या मागे जा.

शेवटच्या रचनांकडे अजून वळू नका, पण त्या कशातून आल्या ते माहीत असू द्या. 1903 च्या सुमारास फोरेची श्रवणशक्ती जाऊ लागली. नुसतं कमी ऐकू येत नव्हतं, खालचे आणि वरचे स्वर त्याला बेसूर ऐकू येत, मधले तेवढे मंद पण सुरात. नेमका याच काळात, 1905 मध्ये, तो पॅरिस कॉन्झर्व्हेटॉरचा संचालक झाला. त्याचा शिष्य राव्हेल याला प्री द रोम या तरुण संगीतकारांच्या मानाच्या स्पर्धेतून पहिल्याच फेरीत बाहेर काढल्यावर गदारोळ झाला होता आणि आधीच्या संचालकांना जावं लागलं होतं. फोरेने तिथे इतके बदल केले की लोक त्याला फ्रेंच राज्यक्रांतीतल्या कठोर नेत्यावरून रोब्सपिएर म्हणू लागले. पंधरा वर्षं त्याने ते पद सांभाळलं, बहिरेपण होता होईतो लपवून. 1920 मध्ये निवृत्त झाला आणि 31 डिसेंबर 1921 रोजी, 76 व्या वर्षी, तेरावा नॉक्टर्न पूर्ण केला. एकट्या पियानोसाठी त्याने लिहिलेली ती शेवटची रचना. 4 नोव्हेंबर 1924 रोजी तो गेला.

तेराव्याची सुरुवात बघा, वाजवली नाही तरी चालेल. पान विरळ आहे, लहरी नाहीत, तीन-चार आवाज जवळजवळ चालतात, जणू ऑर्गनसमोर बसून लिहिलंय. हे त्याला वाजवून तपासता येत नव्हतं. वाजवलं असतं तर अर्धे स्वर चुकीचे ऐकू आले असते. सगळं आतल्या कानाने लिहिलेलं आहे, आणि एकही बास जागेवरून हललेला नाही.

तुमचा पियानो कसा आहे आणि पेडल कसलं आहे ते कळवा, त्यावरून पेडलचं नेमकं सांगता येईल. तोवर सहाव्या नॉक्टर्नचं पहिलं पान काढा, उजवा हात मांडीवर ठेवा आणि सगळ्यात खालचे स्वर गात गात शेवटच्या मापापर्यंत जा. कुठे अडलात ते माप लिहून पाठवा.